पवनचक्क्या समोर, तरी दारं रात्रीच धरायची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा जिल्हा हरित ऊर्जेत किती पुढे आहे, ते कालच्या अंकात पहिल्या पानावर वाचलं. कोयना, पवनचक्क्या, सौर, सगळे आकडे मेगावॉटमध्ये आणि त्यांच्या बेरजेवरून काढलेले टक्के. बातमी मेहनतीने केलेली आहे, हे मान्य. पण मेगावॉट ही यंत्राची ताकद झाली, तयार झालेली वीज युनिटमध्ये मोजतात. एवढं तरी छापण्याआधी कुणी तपासायला हवं होतं.

कोयनेची क्षमता १९६० मेगावॉट, बरोबर. पण वीज करायला पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. तेवढ्या पाण्यावर ती यंत्रं बारा महिने चोवीस तास फिरत नाहीत, मागणी चढली की चालवतात. त्यात २५ मेगावॉटच्या वरचं जलविद्युत अक्षय ऊर्जेत धरायला केंद्राने सुरुवात केली २०१९ पासून. मग टक्के वाढले त्यात नवी वीज किती आणि मोजणी बदलल्यामुळे किती? बातमीत त्यावर एक ओळ नाही.

वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या आमच्या शेतातून दिसतात. आषाढ-श्रावणात त्या जोरात फिरतात, तेव्हा शिवारात पाणी मावत नाही आणि मोटारी बंद असतात. माघ-फाल्गुनात पिकाला पाणी लागतं, तेव्हा वारा पडलेला असतो. वर्षाच्या सरासरीत हे कसं दिसणार?

गेल्या माघातली गोष्ट सांगते. आमच्या फिडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजलाइनला, त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. गहू चिकात आलेला, पाणी चुकवून चालणार नव्हतं. बाराला लाइट आली, अडीचला गेली. तासाभराने परत आली तेव्हा आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, मोटार चालू करायला विहिरीकडे निघाले. मी वरच्या वाफ्यात दारं धरत होते, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवत होते. बांधावरून त्यांचा पाय सरकला आणि ते पाटात पडले. बॅटरी एकच, तीही त्यांच्याबरोबर पाण्यात गेली. हाकेच्या अंदाजाने, अंधारात चाचपडत मी त्यांच्यापर्यंत पोचले. मनगट मोडलं होतं. समोर पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत होते. ते दिवे बघून त्या रात्री मला रडू आलं, ते हाताच्या दुखण्याचं नव्हतं. दीड महिना हात गळ्यात होता. गव्हाचं पाणी राहिलं ते राहिलंच, दाणा बारीक पडला.

सौर पंपासाठी अर्ज केलेला आहे. आमचा हिस्सा भरून आठ महिने झाले. एक माणूस येऊन विहिरीचा फोटो काढून गेला, त्यानंतर फोन उचलत नाहीत.

माझा सौरला विरोध आहे असं कृपया समजू नका. आमच्याच पाटण तालुक्यातली मान्याची वाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, ती मी जाऊन पाहून आले. घराघरावर पॅनेल बघून ऊर भरून आला. पण घरातला दिवा आणि विहिरीवरची मोटार यांचा हिशेब वेगळा आहे, तो वेगळाच मांडा. माघ ते चैत्र जिल्ह्यातल्या शेतीच्या किती फिडरांना दिवसा लाइट मिळते, हे तुमच्या वार्ताहरांनी विचारून छापावं.

आणखी एक. शेतीपंपांच्या लाइटचं वेळापत्रक पूर्वी तुमच्या तालुका पानावर येत असे. कोणत्या वारी दिवसा, कोणत्या वारी रात्री, हे आम्ही कापून दारामागे चिकटवत होतो. ते गेल्या दिवाळीपासून बंद झालं. आता त्या जागी वाढदिवसाच्या जाहिराती असतात. हल्ली वेळ मोबाइलवर कळते म्हणतात, पण आमच्या विहिरीपाशी रेंज नाही. ते वेळापत्रक पुन्हा सुरू करावं, ही विनंती.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. पाटण, जि. सातारा