जैविक मीडिया एकदम बदलण्याची सूचना मागे घ्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कॅनिस्टर फिल्टरच्या माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनेबाबत तक्रार

महोदय,

तुमच्या कॅनिस्टर फिल्टरच्या (माशांच्या टाकीचे पाणी गाळणाऱ्या बंद डब्याच्या) माहितीपत्रकात देखभालीचा तक्ता आहे. डब्यात भरायच्या मीडियाचे, म्हणजे गाळण-साहित्याचे, तीन प्रकार आहेत: फ्लॉस (गाळणीचा कापूस), कार्बन (कोळसा) आणि सिरॅमिक रिंग (जिवाणू वाढणाऱ्या सच्छिद्र कड्या, म्हणजेच जैविक मीडिया). या तिन्हींपुढे त्यात एकच ओळ छापली आहे: ‘दर तीन महिन्यांनी सर्व मीडिया काढून नवीन भरा, ट्रे नळाखाली स्वच्छ धुवा.’ वर ‘गोड्या व खाऱ्या पाण्यासाठी’ असेही म्हटले आहे. आमच्या 300 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ही सूचना तंतोतंत पाळली गेली. आदल्या दिवशी अमोनिया शून्य होता. दुसऱ्या दिवशी 0.5 पीपीएम (दहा लाखांत अर्धा भाग), चौथ्या दिवशी 1 पीपीएम. मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागले. पंप चालू होता, प्रवाह नेहमीसारखा होता, तेव्हा यंत्राबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार या एका ओळीची आहे.

कार्बन खर्च होतो. त्याची छिद्रे भरली की तो टाकून द्यावाच लागतो, आणि त्यासाठी तीन महिने ही मुदत उलट जास्तच आहे. साधारण महिनाभरात तो बदलावा. फ्लॉसमध्ये विष्ठा आणि उरलेले खाद्य अडकून कुजते, म्हणून तो तर दर आठवड्याला काढलेला बरा. सिरॅमिक रिंगचे तसे नाही. रिंग म्हणजे नुसते घर. काम करतात ते तिच्यावर वाढलेले जिवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. कुजवणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, पण यांना अनुकूल परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. नवीन टाकी स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात ते यामुळेच. तुमची सूचना पाळणारा माणूस दर तीन महिन्यांनी जुनी टाकी पुन्हा नवी करतो, आणि तीही मासे आत असताना.

खाऱ्या पाण्यात ही चूक अधिक महागात पडते. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर (पाण्याच्या आम्ल-अल्कतेवर) अवलंबून असतो. पीएच 7 असताना, 25 अंश सेल्सिअसला, एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सागरी टाकीचा पीएच 8.1 ते 8.3 ठेवावा लागतो आणि तिथे हाच भाग 6 ते 8 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे टेस्ट किटवर रंग तोच दिसला, तरी सागरी माशाच्या कल्ल्यांना बसणारा फटका दहापटीहून मोठा. शिवाय त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे कल्ले भाजलेल्या माशाला सावरायला वावच उरत नाही. ज्या टाकीत भरपूर लाइव्ह रॉक (सजीव वस्ती असलेला सागरी दगड) आहे ती कदाचित निभावून नेईल, कारण जिवाणू दगडातही असतात. जिचा सगळा भार फिल्टरवर आहे ती नाही.

आता नळाच्या पाण्याबद्दल. कोरी रिंग वापरण्यापूर्वी धुवायलाच हवी; तिच्यावरची पांढरी भुकटी पाणी दुधाळ करते, आणि तिथे नळाचे पाणी चालते. वापरातल्या रिंगवर तपकिरी, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा थर असतो. नळाच्या धारेखाली तो काही सेकंदांत निघून जातो आणि रिंग नव्यासारखी पांढरी दिसते. ग्राहकाला वाटते स्वच्छ झाली! गेला तो थर म्हणजेच फिल्टर. जो आतल्या छिद्रांत उरतो, त्याला नळाच्या पाण्यातले जंतुनाशक क्लोरीन किंवा क्लोरामाइन मारते आणि 35 पीपीटी (हजारात 35 भाग) क्षारतेतून एकदम गोड्या पाण्यात गेल्याचा धक्का वेगळाच. माहितीपत्रकाने कोऱ्या आणि वापरातल्या मीडियात फरकच केलेला नाही.

योग्य पद्धत सोपी आहे आणि ती छापायला अर्धे पान पुरते. पाणी बदलताना टाकीतलेच 8-10 लिटर पाणी बादलीत काढा. रिंगचा ट्रे त्यात तीन-चार वेळा वरखाली करा, चोळू नका. पाणी गढूळ झाले की ट्रे परत बसवा. जाड स्पंज त्याच बादलीत पिळा, पण रिंग हलवल्या त्या दिवशी स्पंज बदलू नका. सगळे काम अर्ध्या तासात उरकावे, कारण बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू जिवाणूच संपवतात. वीज जाऊन फिल्टर कित्येक तास बंद राहिला, तर आतले पाणी ओतून टाकूनच पंप सुरू करावा. त्या सडक्या अंड्याच्या वासाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. ते टाकीत जाता कामा नये.

रिंग खरोखरच बदलायची वेळ क्वचित येते: त्या भुगा होऊ लागल्या, छिद्रे कायमची बुजली, किंवा टाकीत तांब्याचे औषध वापरले गेले तर. प्रवाळाच्या तुकड्यांसारखा चुनखडीयुक्त मीडिया तांबे धरून ठेवतो आणि पुढे सोडत राहतो. कोळंबी आणि प्रवाळांना ते घातक आहे. एरवी बदलताना एका वेळी पाव भागच काढावा आणि पुढच्या पाव भागाआधी चार आठवडे जाऊ द्यावेत. जागा असेल तर नवीन रिंग जाळीच्या पिशवीत भरून आधीच सहा आठवडे जुन्यांशेजारी ठेवाव्यात. बदलानंतर पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट तपासावे, आठवडाभर खाद्य निम्मे करावे. अमोनिया 0.25 पीपीएम दिसताच खाद्य थांबवून 25 टक्के पाणी बदलावे. नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान तर जुळवावेच, पण पीएचही टाकीपेक्षा वर नसावा. टाकीचा पीएच 7.8 वर घसरलेला असताना 8.3 चे पाणी ओतले, तर उरलेला अमोनिया अधिक विषारी होतो. काढलेल्या रिंग अजून ओल्या असतील तर त्या लगेच परत घालाव्यात. आमच्याकडे तेवढेही शक्य नव्हते, कारण माहितीपत्रकानुसार त्या नळाखाली धुऊन टाकून दिल्या होत्या.

तुमचा रिफिल पॅक चारही ट्रे भरेल एवढा, एकाच पिशवीत येतो. कोऱ्या सिरॅमिक रिंग कोरड्या ठेवल्या तर खराब होत नाहीत. पाव भाग वापरून बाकीच्या राखून ठेवता येतात. पिशवीवर याचा उल्लेख नाही, त्यामुळे ग्राहक पूर्ण पिशवी एकदम रिकामी करतो.

आमच्या मागण्या अशा: तक्त्यात जैविक मीडियाची ओळ वेगळी करावी आणि तिच्यापुढची तीन महिन्यांची मुदत काढून टाकावी. वापरातला मीडिया टाकीच्याच पाण्यात धुण्याची सूचना ठळक छापावी. रिफिल चार छोट्या पिशव्यांत द्यावा. ज्यांनी फिल्टरची नोंदणी केली आहे त्या सर्व ग्राहकांना दुरुस्त सूचना लेखी कळवावी. हे सर्वांत आधी, कारण छपाई बदलेपर्यंत कुणाची तरी तीन महिन्यांची मुदत भरत असणार. आमच्या टाकीच्या रोजच्या नोंदी आणि माहितीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

कळावे,
आपल्या फिल्टरचे ग्राहक