‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांसाठी उत्तर ठेवून गेलात, त्याबद्दल

आदरणीय बिशप डेव्हिड शेपर्ड यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही २००५ मध्येच गेलात, तेव्हा हे पत्र फार उशिराचं आहे. पण आमच्या कट्ट्यावर ‘खेळात राजकारण आणू नका’ हा वाद अधूनमधून पेटतो, आणि दरवेळी माझ्या मदतीला तुम्हीच येता.

इथले जुने क्रिकेटवेडे तुम्हाला ओळखतात ते इंग्लंडचे फलंदाज म्हणून, १९५२ च्या ओव्हल कसोटीमुळे. विजय हजारेंच्या भारतीय संघाला तुम्ही ११९ धावा चोपल्या, मग आपला डाव ९८ वर आटोपला. पावसाने लाज राखली. १९५५ मध्ये तुम्ही दीक्षा घेतलीत. पाद्री होऊन कसोटी खेळणारे तुम्ही पहिलेच! पुढच्याच वर्षी ओल्ड ट्रॅफर्डवर शतक, पण त्या सामन्यात जिम लेकरने १९ बळी घेतले, मग तुमचे ११३ कोण लक्षात ठेवणार?

आभार मात्र धावांचे नाहीत. १९६० मध्ये वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या फक्त गोऱ्यांच्या संघाशी खेळायला तुम्ही जाहीर नकार दिलात. १९६८ मध्ये मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या, गोऱ्या नसलेल्या बेसिल डॉलिव्हिएराने इंग्लंडसाठी १५८ करूनही तिकडच्या दौऱ्यासाठी त्याला आधी वगळलं, तेव्हा तुम्ही इंग्लंडचे दौरे चालवणाऱ्या स्वतःच्याच एमसीसी क्लबच्या कमिटीविरुद्ध भर सभेत उभे राहिलात. सोबतीला तरुण माइक ब्रेअरली. ठराव पडले. १९७० मध्ये तुम्ही, आता लंडनमधल्या वुलिचचे बिशप, पुन्हा वर्णभेदविरोधी मोहिमेच्या पुढे. या खेपेला आफ्रिकेचा इंग्लंड दौराच रद्द झाला. तो देश परत खेळला तो थेट १९९१ मध्ये, आमच्या ईडन गार्डन्सवर.

पुढे १९७५ ते १९९७ लिव्हरपूल. प्रोटेस्टंट-कॅथलिक वैर मुरलेल्या त्या शहरात तुम्ही कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक यांच्याबरोबर इतके हिंडलात, की लोक तुम्हा दोघांना ‘फिश अँड चिप्स’ म्हणू लागले: कायम एकत्र, आणि कायम वर्तमानपत्रात. आमच्याकडे वडापाव म्हटलं असतं. बंद पडणारी गोदी, बेकारी, १९८१ ची टॉक्स्टेथची दंगल, हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीचा आक्रोश, सगळ्याला तुम्ही दोघं हजर. मैदानावरचा नकार हा पाद्र्याचा हट्ट नव्हता, हे मला तिथे पटलं.

१९६२-६३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सोडलेले झेल आम्ही केव्हाच माफ केलेत. तुमचा वेगवान गोलंदाज फ्रेड ट्रूमन, त्याचं काय ते तुम्ही दोघं तिकडे मिटवून घ्या.

कळावे,
आपला,
रेडिओवर वाढलेला एक क्रिकेटवेडा