मास्क खाली घेतलात आणि आई बोलली

आदरणीय डॉक्टर मॅडम,

हे पत्र कधीच लिहायला हवं होतं. पण २०२० मधले ते दिवस आठवले की अजून घसा दाटून येतो.

तुमच्याआधी आम्ही दोन डॉक्टरांकडे गेलो होतो. आई औषधं विसरून दोनदा घ्यायची, विचारलं एक की सांगायची भलतंच, नंतर तर बोलेनाशीच झाली. एकानं "वय झालंय, आता असंच चालायचं" म्हणून फाइल हातात दिली. दुसऱ्यानं तिच्यादेखत मला विचारलं, "यांना काही कळतं का?" आई मान खाली घालून पदराचं टोक पिळत बसली होती. ते मी विसरणार नाही.

तुम्ही मात्र बाहेर व्हरांड्यात गेलात, चांगल्या दहा फुटांवर उभ्या राहिलात, मास्क हनुवटीखाली ओढलात आणि म्हणालात, "आजी, माझ्या तोंडाकडे बघा." मग प्रश्न विचारून थांबलात. किती वेळ थांबलात! मी मध्ये बोलायला गेले तर हातानं मला गप्प केलंत. आणि आई बोलली. कित्येक महिन्यांनी पूर्ण वाक्य बोलली.

तिला कमी ऐकू येतं, ओठ बघून ती भागवत होती, हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि तिला माणसं कळेनाशी झाली. त्यातच मावशी गेली, शेवटचं बघायलाही मिळालं नाही. मन उदास आहे का हे बघायला तुम्ही विचारलेल्या त्या पंधरा प्रश्नांत "आयुष्य रिकामं वाटतं का?" असा एक होता. आई लगेच "हो" म्हणाली. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा विसराळूपणासारखंच दिसतं, हे तुम्ही समजावून सांगितलंत. विसर तपासायला तुम्ही तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं; त्यातले काटे चुकले होते, तेही लपवलं नाहीत. "थोडा विसर खरा आहे, तो राहील. पण बरंच परत येईल," म्हणालात. तसंच झालं.

हुशार डॉक्टर पुष्कळ भेटतात. म्हाताऱ्या बाईच्या उत्तरासाठी ताटकळणारं कुणी भेटलं की वाटतं, माणसांत अजून ओल आहे.

परवा आईनं विचारलं, "ती तोंड दाखवणारी डॉक्टरीण बरी आहे ना गं?" तुमचं नाव तिला आठवत नाही. चेहरा आठवतो.

तुमची ऋणी,
त्या आजींची मुलगी