उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांवर लॅकर नको

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर मोटारीच्या अलॉय चाकांच्या देखभालीसंबंधी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातील एका सल्ल्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. उघड्या अ‍ॅल्युमिनियमचे चाक पॉलिश करून झाले की त्यावर पारदर्शक लॅकरचा हात मारून घ्यावा, म्हणजे पुन्हा पॉलिशच्या भानगडीत पडावे लागत नाही, असे लेखकाने सुचवले आहे. लेखातील बाकीचा बहुतेक मजकूर उपयुक्त आहे. हा सल्ला मात्र तसा नाही, आणि जो तो अमलात आणेल त्याला हे साधारण वर्षभराने कळेल. मला ते तसेच कळले.

माझ्या जुन्या गाडीची चाके मी घरी, हाताने घासून, जवळपास आरशाच्या तोडीची केली होती. ती झळाळी टिकावी या लोभाने डिकीतल्या जादा चाकासह पाचही चाके मी रंगकाम करणाऱ्याकडे नेऊन त्यांवर लॅकर मारून घेतले. काम वाईट झाले नव्हते. थर सर्वत्र सारखा होता, कोठे ओघळ नव्हता. काही महिन्यांनी एका चाकाच्या काठाशी, जेथे बारीक खडा लागून टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडाला होता, तेथून एक पांढरट धागा निघालेला दिसला. नख फिरवून पाहिले तर वरचा थर गुळगुळीत लागला. धागा त्याच्या खाली होता. कसर लागलेल्या पुस्तकाच्या पानावर जशा वळणावळणाच्या वाटा दिसतात, तशा वाटा बघता बघता अर्ध्या काठावर पसरल्या. उघड्या धातूवर डाग पडला तर तो पॉलिश आणि फडके घेऊन काही मिनिटांत काढता येतो. लॅकरखालचा डाग काढायचा तर आधी सगळे लॅकर उतरवावे लागते. मला चार चाकांचे उतरवावे लागले, आणि मूळ पॉलिशला लागला होता त्याहून अधिक वेळ त्यात गेला. पाचव्या, डिकीतल्या चाकावर त्याच दिवशी, त्याच हाताने मारलेले लॅकर आजही निष्कलंक आहे, कारण त्याला अजून खडा लागलेला नाही. तेव्हा रंगाऱ्याला दोष देण्याचा माझा मुळीच विचार नाही.

दोष कल्पनेतच आहे. लॅकरला धरून राहण्यासाठी पृष्ठभागावर सूक्ष्म खरखरीतपणा लागतो, आणि पॉलिश करताना आपण नेमका तोच नाहीसा करत असतो. त्यामुळे आरशासारख्या अ‍ॅल्युमिनियमवर लॅकरची पकड मुळातच बेताची असते. त्यात टवका उडाला की ओलावा आणि क्षार आत शिरतात. धाग्याच्या टोकाशी ऑक्सिजन कमी आणि मागच्या भागात जास्त अशी स्थिती निर्माण होते, आणि या फरकाच्या जोरावर गंज थराखालून पुढे पुढे सरकत राहतो. दमट हवेत त्याचा वेग वाढतो. धाग्यासारख्या या गंजाला फिलिफॉर्म गंज असे नाव आहे. ज्यांचा दर्शनी भाग लेथवर कापून चमकदार केलेला असतो, ती ‘डायमंड कट’ चाके कारखान्यातूनच लॅकर लावून येतात, आणि लॅकरपूर्वी त्यांच्यावर रासायनिक प्रक्रियाही केलेली असते. तरी काठावर खरचटल्यावर त्यांचीही अशीच गत होते. त्यांवर उपाय म्हणजे पुन्हा लेथ. पण प्रत्येक वेळी थोडा धातू कापला जात असल्याने तो उपाय मोजक्याच वेळा करता येतो.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असे आपण सहज म्हणतो. वस्तुस्थिती अशी की ते हवा लागताक्षणी गंजते आणि त्या गंजामुळेच वाचते. ऑक्साइडचा जो काही नॅनोमीटर जाडीचा थर त्यावर तयार होतो तो पारदर्शक असतो, धातूला घट्ट चिकटलेला असतो आणि ओरखडा पडला तर आपोआप भरून येतो. या थराचे वैरी तीन. तीव्र आम्ल, तीव्र अल्कली आणि मीठ. साधारणपणे ४ ते ८.५ पीएचच्या दरम्यान तो टिकून राहतो. त्यापलीकडे, दोन्ही बाजूंना, तो विरघळू लागतो. समुद्राकाठच्या हवेतले किंवा बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ हा थर ठिकठिकाणी भेदून बारीक खड्डे पाडते. ब्रेकच्या काळ्या भुकटीत डिस्कचे आणि पॅडचे लोखंडी कण असतात. ते तापलेल्या अवस्थेत चाकावर बसतात, मग ओले होऊन गंजतात आणि त्यांच्याभोवती अ‍ॅल्युमिनियम खराब होऊ लागते. चाकाचे रक्षण करायचे म्हणजे या तिघांना आणि या भुकटीला दूर ठेवायचे. नैसर्गिक थराच्या जागी दुसरा जाड थर आणून बसवायची गरज नसते.

परंतु त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यायला हवी, आणि आपल्या लेखात तिचा उल्लेखच नव्हता, याचे मला सर्वाधिक आश्चर्य वाटले. चाक खरोखर उघडे आहे की त्यावर आधीच लॅकर आहे? नुसते बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही. चाकाच्या आतल्या कोपऱ्यातील एखादी जागा स्वच्छ धुऊन कोरडी करावी, पांढऱ्या सुती फडक्यावर मटारच्या दाण्याएवढे धातूचे पॉलिश घ्यावे आणि तेवढ्याच जागेवर अर्धा मिनिट चोळावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. ते काळे म्हणजे सुटून आलेले अ‍ॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण. फडक्यावर फक्त पॉलिशचाच रंग राहिला तर मध्ये लॅकर आहे आणि आपण धातूला नव्हे तर त्या लॅकरला घासत आहोत. अशा चाकाला गाडीच्या रंगासारखेच वागवावे, त्यावर धातूचे पॉलिश वापरू नये. जाता जाता सांगतो, बऱ्याच पॉलिशमधली घासणारी पूड अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचीच असते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम त्याच्याच गंजाने उजळते.

उघड्या धातूवर खोल ओरखडे नसतील तर पॉलिश पेपरला हात लावण्याची गरज नाही. असतील तर ४०० किंवा ६०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ८००, १०००, १५०० आणि २००० असे पाणी घेत चढत जावे. खरे कौशल्य आहे ते दिशेत: प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवावी, आणि आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण पुसल्या गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नये. घाई झाली तर ६०० च्या चार रेघा मागे राहतात आणि शेवटच्या पॉलिशनंतर, तिरप्या उजेडात, त्याच प्रथम डोळ्यांत भरतात. मी त्या पाहून एकदा पूर्ण चाक पुन्हा ६०० पासून केले आहे. स्टीलचा काथ्या वापरू नये, कारण त्याचे तुटलेले तंतू मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर तांबूस ठिपके होऊन उगवतात. मोटरवर बफ, म्हणजे कापडी पॉलिश-चकती, लावून काम करायचे असेल तर एका जागी दाब देऊन थांबू नये आणि ज्या यंत्रावर लोखंड घासले जाते त्यावर अ‍ॅल्युमिनियम घासू नये. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ मुळातच पेट घेणारी असते. तिच्यात लोखंडाच्या गंजाची पूड मिसळली आणि ठिणगी पडली तर रुळांच्या जोडकामात वापरतात तीच, लोखंड वितळवण्याइतकी उष्णता देणारी, थर्मिटची प्रक्रिया होऊ शकते. गाडी जॅकवर उचलून, इंजिन चालू करून, फिरत्या चाकाला फडके टेकवण्याची एक युक्ती काही जण अभिमानाने सांगतात. फडके आऱ्यांत अडकले की पाठोपाठ बोटे जातात, एवढेच तिच्याविषयी सांगतो.

धुण्याच्या द्रवांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण जितकी चाके मीठ बिघडवते तितकीच आपण स्वतः बिघडवतो. कॉस्टिक सोडा असलेला तेलकटपणा काढण्याचा द्रव उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पडला की बारीक बुडबुडे येतात; तो हायड्रोजन असतो, आणि धुऊन टाकल्यावर मागे राखाडी ते काळपट डाग उरतो. धुण्याचा सोडा सौम्य असला तरी काम तेच करतो. आम्लयुक्त व्हील क्लीनरपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते चाकावर पांढरी झाक आणते हा झाला लहान तोटा. हे आम्ल त्वचेतून आत उतरते, शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते, आणि सौम्य द्रावणाने भाजले असता वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात, तोवर इजा खोल गेलेली असते. बाटलीवर यांपैकी एखादे नाव दिसले तर ती परत ठेवावी, असे मी कोणालाही सांगेन. बाटलीवर घटकांची नावेच नसतील तर तिच्याविषयी माझे मत याहून बरे नाही.

उदासीन पीएचचा शाम्पू, थंड झालेले चाक, सावली आणि शेवटी कोरडे फडके, एवढ्यावर दर आठवड्याचे काम भागते. ब्रेकची भुकटी चिकटून बसली असेल तर लोखंडाशी संयोग पावून जांभळा होणारा द्रव मिळतो. तोही उदासीन असल्याची खात्री करून वापरावा आणि चाकावर वाळू देऊ नये. तापलेल्या चाकावर काहीही फवारू नये.

आता संरक्षण. कार्नोबा मेण ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि ब्रेकशेजारी चाक चांगलेच तापते, त्यामुळे मेणाचा थर फार दिवस टिकेल अशी आशा धरू नये. पॉलिमरचे सीलंट अधिक टिकते. सिलिकाचे सिरॅमिक कोटिंग त्याहूनही अधिक, परंतु पॉलिशमधला तेलकट अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय ते धातूला धरत नाही. या तिन्हींचा खरा गुण मला त्यांच्या टिकाऊपणात वाटत नाही. हे थर इतके पातळ असतात की पुढच्या पॉलिशबरोबर सहज निघून जातात आणि नव्याने लावता येतात. लॅकरला हीच सोय नाही. कायमचे काही हवेच असेल तर अ‍ॅनोडायझिंग हा प्रामाणिक पर्याय आहे, कारण त्यात धातूचाच ऑक्साइड थर जाड केला जातो. मात्र ओतीव चाकांच्या मिश्रधातूत बहुधा ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असल्यामुळे ती त्यात राखाडी होतात, आणि झळाळी टिकवण्याचा हेतूच फसतो. घडीव चाकांना ते अधिक मानवते. भट्टीत भाजून जुना रंग उतरवून देतो असे कोणी म्हणाले तर चाक उचलून घरी यावे. ओतीव चाकाला ५४० अंशांच्या आसपास तापवून, पाण्यात बुडवून आणि मग कमी तापमानात मुरवून मजबुती दिलेली असते. रंग जाळण्याइतक्या उष्णतेने ती उतरते, आणि वरून पाहून काहीच समजत नाही.

चाक परत बसवताना नटच्या बैठकीवर आणि हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागावर मेण, सीलंट किंवा पॉलिश राहू देऊ नये. नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कप्रमाणे, म्हणजे आवळण्याच्या ठरवून दिलेल्या जोराप्रमाणे, टॉर्क पान्याने आवळावेत आणि थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

आपण या विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर लॅकरचा सल्ला मागे घ्यावा आणि पांढऱ्या फडक्याची चाचणी लेखाच्या सुरुवातीसच द्यावी, एवढी विनंती आहे. मूळ लेखासोबत ज्या चाकाचे छायाचित्र होते, त्याच्या काठावर हवा भरण्याच्या तोंडाजवळ मला एक पांढरट वळणदार रेघ दिसली. छपाईचा दोष नसेल, तर त्या गाडीच्या मालकालाही हे कळवावे.

कळावे,
आपला एक वाचक