तुम्ही खोडलेलं पहिलं वाक्य

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

मागच्या सोमवारी मी नोकरीवर रुजू झाले. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही "माझं काय त्यात, तूच बोललीस ना" एवढंच म्हणालात आणि ओल्या चिवड्याचा डबा पुढे सरकवलात. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले. ते आज चारचौघांसमोर मानते.

त्याआधीच्या तीन इंटरव्ह्यूंत मी पहिल्याच प्रश्नाला अडखळले होते. "स्वतःबद्दल सांगा." सयाजीराव विद्यापीठाची एम.एस्सी. केमिस्ट्री, मार्क चांगले, आणि या दोन शब्दांपाशी घशाला कोरड. मग पाठ केलेलं सुरू व्हायचं: नाव, बाबा काय करतात, घरी कोण कोण, शाळा कुठली, आवड वाचनाची. तिसऱ्या वेळी तर मी बोलत असतानाच समोरच्या साहेबांनी माझा बायोडेटा मिटून बाजूला ठेवला. सुरसागर तलावाला दोन फेऱ्या मारून मगच घरी आले, कारण आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. जिन्यात तुम्ही भेटलात आणि माझं तोंड बघूनच म्हणालात, "वर ये."

झोपाळ्यावर बसून तुम्ही माझा कागद वाचलात आणि पेन्सिलीने पहिलं वाक्य खोडलंत. मग दुसरं. "नाव, शाळा, मार्क सगळं त्यांच्या पुढ्यात लिहिलेलं आहे. कागदावर नाही ते सांग." कंपनीच्या नोकरभरती बघणाऱ्या पर्सोनेल खात्यात टेबलाच्या पलीकडे इतकी वर्षं काढलेल्या बाईचं ते बोलणं होतं. मला मात्र रडू आलं, कारण कागदाबाहेर माझ्याकडे काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

तेव्हा तुम्ही कवळाण्याची गोष्ट काढलीत. बडोद्याच्या मराठी घरांत ती सगळ्यांनी ऐकलेली असते. 1875 साली बडोद्याच्या गादीसाठी दत्तक निवडायला कवळाणे गावच्या तीन भावांना महाराणी जमनाबाईंपुढे उभं केलं, कशाला आलात म्हणून विचारलं, आणि 12 वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला, असं सांगतात. पुढे तोच सयाजीराव झाला. "त्याने घराण्याची माहिती दिली का? विचारलं त्याचं उत्तर दिलं. तुला ते विचारतात, आमच्याकडे कशाला आलीस? शब्द फक्त वेगळे असतात."

मग तुम्ही तासभर मला माझ्याच प्रॅक्टिकलबद्दल विचारत राहिलात. केमिस्ट्री तुमचा विषय नाही, तरी विचारत राहिलात, आणि त्यातून ब्युरेटची, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या तोटीवाल्या काचनळीची, गोष्ट निघाली. टायट्रेशनची माझी दोन रीडिंग जुळत होती, पहिलं मात्र जास्त येत होतं. वर्गात अशा वेळी आकडा जुळवून लिहायची पद्धत. मला ते जमेना. ब्युरेट उजेडात धरून पाहिली, आणि मग लक्षात आलं की भरताना तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला असणार. द्रावण सोडताना तो निघून गेला, त्याची जागा द्रावणाने घेतली, आणि फ्लास्कमध्ये न पडलेलं तेवढं द्रावणही रीडिंगमध्ये धरलं गेलं. पुन्हा भरली, थोडं द्रावण वाहू देऊन टोक साफ केलं, तीनही रीडिंग जुळली. तुम्ही झोपाळा पायाने थांबवलात. "हे का नाही सांगत? क्वालिटी कंट्रोलला याहून दुसरं काय हवं असतं?"

त्यानंतरचे आठ दिवस संध्याकाळी तुमच्याकडे. पाठ करायला तुम्ही साफ मनाई केलीत. चिठ्ठीवर चारच मुद्दे: आता, ब्युरेट, बुडबुडा, इथेच का. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर दीड मिनिट. फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलंत तेव्हा कळलं, मी दर वाक्याला "ॲक्च्युअली" म्हणते आणि वाक्य संपताना माझा आवाज खाली पडतो. आवाजाचं अजून पूर्ण गेलेलं नाही, पण आता माझं मला ऐकू येतं.

चौथ्या इंटरव्ह्यूच्या दिवशी प्रश्न इंग्रजीत आला. मी सुरुवात केली, आणि बुडबुड्यापर्यंत पोचले तसे साहेब गुजरातीत शिरले. तुम्ही सांगितलं होतं तशी मीही त्यांच्यामागे गुजरातीत गेले. त्यांनी विचारलं, मग पहिल्या रीडिंगचं काय केलंस? म्हटलं, गिरगटून खोडलं नाही, एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी कारण लिहिलं, सही केली. ते शेजारच्या मॅडमकडे वळून हसले. पुढची वीस मिनिटं आम्ही लॅबबद्दलच बोललो. बाबा काय करतात हे कोणी विचारलं नाही.

काकू, आईबाबांनी मला शिकवलं, सरांनी विषय दिला. पण माझ्या हातून झालेलं एवढंसं काम सांगण्याजोगं आहे, हे मला तुम्ही दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

धाकट्याचं कॅम्पस पुढच्या महिन्यात आहे. त्याने कागद तयार केलाय, पहिलं वाक्य नावाचंच आहे. रविवारी त्याला वर पाठवते. पेन्सिल टोक करून ठेवा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची