वेणूताईंनी जपलेली पत्रं

नागपूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. यशवंतराव चव्हाणांनी परदेशांतून पत्नी वेणूताईंना लिहिलेली पत्रं बर्डीच्या वाचनालयातून आणली आणि त्यांतच गुंतलो.

तुला ठाऊकच आहे, आमच्या घरी त्यांचं नाव निघायचं ते राजधानीच्या विषयात. १९५३ चा नागपूर करार, १९५६ मध्ये नागपूरचं गेलेलं राजधानीपण, १९६० चा महाराष्ट्र. बाबांची गाडी तिथून पुढे सरकतच नसे. त्यामुळे परराष्ट्रमंत्री यशवंतराव मला या वयात भेटले.

ऑक्टोबर १९७४ मध्ये ते खातं त्यांच्याकडे आलं आणि त्याच महिन्यात दिल्लीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्यासोबत भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर त्यांनी सही केली. १९७१ च्या युद्धात अमेरिकेचं सातवं आरमार आपल्यावर दबाव आणायला बंगालच्या उपसागरात शिरलं त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, बघ!

पण मी थबकलो ते चीनपाशी. १९६२ मध्ये चीनशी युद्ध पेटलं म्हणून या माणसाला मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला जावं लागलं. पुढे १९७६ मध्ये, पंधरा वर्षांच्या खंडानंतर, के. आर. नारायणन राजदूत म्हणून चीनला गेले, तेव्हा परराष्ट्रमंत्री यशवंतरावच होते. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. अंतिम शब्द इंदिराजींचा, हे खरं. तरी ज्या शेजाऱ्याशी लढायला आपल्याला बोलावलं, त्याच्याकडे राजदूत पाठवताना त्यांच्या मनात काय आलं असेल?

आणि एवढ्या व्यापात बायकोला पत्र! कोणाशी काय बोलणं झालं, शहर कसं दिसलं, सगळं तिला सांगायचं. सरकारी टिपणात माणूस शब्द तोलून लिहितो. इथे तो मोकळा बसलेला दिसतो. लग्नानंतर वर्षाच्या आत ज्या बाईला नवऱ्यापायी तुरुंग पाहावा लागला, तिला परराष्ट्र धोरण सांगताना आव कशाला आणायचा?

त्या बाईने कागद जपले म्हणून आज माझ्यापर्यंत आले. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात यशवंतरावही. मधल्या दीड वर्षात त्यांना काही सांगावंसं वाटलं असेल तेव्हा ते कोणाला लिहीत असतील, हा प्रश्न काही केल्या सुटत नाही.

कराडला वेणूताईंच्या नावाचं स्मारक आहे, यशवंतरावांचा ग्रंथसंग्रहही तिथेच आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस इथून थेट कराडला जाते. तू साताऱ्याहून ये, दोघं मिळून पाहू. तुला सवड कधी आहे ते कळव, मग तिकीट काढतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बर्डीवाला