खोडलेल्या दहा ओळींबद्दल

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी मी तुमच्यापुढे ठेवलेला तो कागद तुम्हाला आठवत असेल. पहाटे पाचला उठणे, पाऊण तास ध्यान, प्राणायाम, व्यायाम, वाचन, रोजनिशी, रात्री पुन्हा ध्यान अशी अकरा कलमे मी रेघा आखून त्यात लिहिली होती आणि खरे सांगायचे तर मला मार्गदर्शनापेक्षा शाबासकीच हवी होती. तुम्ही पेन्सिल घेतली, दहा कलमांवर काट मारली आणि उरलेल्या एका कलमातला पाऊण तास खोडून ‘दात घासून झाल्यावर पाच मिनिटे’ असे लिहिले. तेव्हा मी मनातून चांगलाच खट्टू झालो होतो. आज आभार मानायचे आहेत ते त्या खोडाखोडीबद्दलच.

दात घासायला कोणी निर्धार करत नाही, म्हणून त्याच्यापाठोपाठ येणाऱ्या गोष्टीलाही फारसा निर्धार लागत नाही, हे तुमचे म्हणणे मला दोन आठवड्यांत पटले. पाच मिनिटांत मन चाळीस वेळा भरकटते अशी तक्रार मी केली, तेव्हा तुम्ही विचारलेत, ‘चाळीस वेळा परत आणलेत ना? मग चाळीस वेळा सराव झाला.’ तोवर मन रिकामे होणे म्हणजेच ध्यान, अशा समजुतीने मी दर बैठकीनंतर स्वतःला नापास करत होतो.

याहून मोठे ऋण दुसऱ्या एका गोष्टीचे आहे. श्वासाकडे लक्ष नेले की माझी छाती धडधडू लागे आणि हे कोणाला सांगायचीही मला लाज वाटे, कारण ध्यानाने शांतच वाटले पाहिजे असे सगळीकडे ऐकले होते. असे काही जणांना होते, हे तुम्ही शांतपणे सांगितलेत. डोळे उघडे ठेवून तळपायांना होणाऱ्या जमिनीच्या स्पर्शाकडे लक्ष द्यायला लावलेत आणि त्रास टिकला तर डॉक्टरांना भेटा, ध्यान ही उपचारांची जागा घेणारी गोष्ट नव्हे, असेही बजावलेत. पुढे धडधड ओसरल्यावर चार मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा हे तुम्ही शिकवलेत; श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून तो जरा लांबवायचा, हे कारणही सोबत दिलेत. कारण कळले की माझ्यासारखा शंकेखोर माणूस निमूटपणे बसतो.

मग आजारपणात नऊ दिवस खंड पडला. मोबाइलमधल्या ॲपने सलग दिवसांचा आकडा शून्यावर आणला आणि मला सराव मोडल्यापेक्षा आकडा मोडल्याचेच दुःख अधिक झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा जो अभ्यास केला, त्याविषयी तुम्ही तेव्हा सांगितलेत: सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरतील, तर कोणाला २५४ लागतील इतका फरक माणसामाणसांत दिसला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. नऊ दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे, हेही तुम्ही लपवले नाहीत. तोवर दहा मिनिटांवर पोहोचलेली बैठक पुन्हा पाचावर आणलीत. ॲप मी त्याच रात्री काढून टाकले.

चालणे तिसऱ्या महिन्यात आले, तेही वीसच मिनिटे. झोपेच्या बाबतीत तुम्ही झोपण्याच्या वेळेऐवजी उठण्याची वेळ ठरवायला सांगितलीत; ती आता सुट्टीच्या दिवशीही फारशी बदलत नाही.

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यावरची दोन कलमे तुमच्या संमतीने परत आली, बाकीची खोडलेलीच आहेत. रोजनिशीही त्यातच आहे आणि ती तशीच राहावी असे मला वाटते. तुमचे मत वेगळे असल्यास पेन्सिल घेऊन अवश्य यावे.

आपला कृतज्ञ,
अकरा कलमांचा विद्यार्थी